पथ्याला सोबत

नाना, मला साखर निघाली. पायाला चप्पल घासून झालेली जखम भरता भरेना, म्हणून सूनबाईने रक्त तपासायला लावलं आणि निघाली. डॉक्टर समजुतीच्या सुरात सांगत होते, घाबरू नका, गोळी आणि खाण्याची शिस्त, बस. मी घाबरले नव्हतेच. आई आठवायला हवी होती खरं तर, कारण आपल्या घरात साखर तिला होती. पण त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला तुम्ही आठवलात, ज्यांना ती कधीच झाली नाही. तेव्हापासून तुमच्याशी मनातल्या मनात बोलतेय. आज म्हटलं, लिहून टाकावं.

मनमाडचं आपलं रेल्वे क्वार्टर आठवतंय. दोन खोल्या, मागे छोटंसं स्वयंपाकघर, त्याची खिडकी यार्डाकडे. आईला साखर निघाल्यावर पहिले काही महिने ती दोन स्वयंपाक करायची. आपल्याला तेल लावलेल्या पोळ्या, बटाट्याचा रस्सा, भात. स्वतःला ज्वारीची भाकरी आणि बिनतेलाची पालेभाजी. आपली जेवणं उरकली की मग ती बसायची. तुम्ही मालगाडीचे गार्ड. आज भुसावळ, उद्या इगतपुरी. घरी असलात तरी ताटावरून उठून थेट झोपायला जायचात. त्यामुळे ती कशी जेवते हे तुम्ही पाहिलंच नव्हतं. मग एका दुपारी तुमची गाडी रद्द झाली आणि तुम्ही पेटी घेऊन मागच्या दारानेच आत आलात. आई मांडीवर ताटली घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी तिथेच भांडी विसळत होते.

"भिंतीकडं तोंड करून काय खातीस?" तुम्ही विचारलंत.

"आजाऱ्याचं खाणं," आई म्हणाली. "तुमच्या पंगतीत कशाला माझा पाला?"

तुम्ही पेटी दारातच ठेवलीत. युनिफॉर्म तसाच अंगात ठेवून तिच्यासमोर खाली बसलात, तिच्या ताटलीतली अर्धी भाकरी मोडून घेतलीत आणि खाऊ लागलात. ती "अहो, अहो" करत राहिली.

संध्याकाळी विळी घेऊन तुम्हीच बसलात. ड्युटी संपल्यावर ज्या रनिंग रूममध्ये मुक्काम पडायचा तिथे स्वतःच्या हाताने रांधायची तुम्हाला सवय, त्यामुळे काकडी, मुळा, कांदा भराभर चिरून झाला. मटकीची उसळ टाकलीत, नखभर तेलावर. आईला चुलीजवळ येऊ दिलं नाहीत. चार ताटं सारखी वाढलीत आणि सांगितलंत, आधी कच्चं खायचं, मग उसळ, मग भाकरी. भाऊ कॉलेजात जायला लागला होता, त्याला मिसरूड फुटलं होतं. त्याने ताट पुढे सरकवलं. "साखर आईला झालीय. मला नाही."

"मला बी नाय झाली," तुम्ही म्हणालात. "मी खातोय ना गप?"

"पण का?"

"घरात एकालाच पथ्य दिलं की ती शिक्षा होती. सगळ्यांनी धरलं की नुसतं जेवण."

 शेवटी तो भुकेने जेवला. पुढे रेल्वे दवाखान्यातले डॉक्टरही आईला हेच म्हणाले, की बाई, हे काही आजाऱ्याचं खाणं नाही, खरं तर सगळ्यांनी असंच खायला पाहिजे. आई ते शेजारच्या क्वार्टरमध्ये जाऊन सांगून आली. तिच्या चालण्यात फरक पडला होता, नाना. ती आता आपल्याबरोबर बसायची, गोल करून, आणि जेवताना बोलायची. त्याआधी जेवताना ती काय बोलते हे आम्हाला माहीतच नव्हतं. ती नकला फार छान करायची.

तुम्ही काही संत नव्हतात. एकदा धुवायला काढलेल्या तुमच्या पँटच्या खिशात तिला पाकाने चिकट झालेला कागद सापडला. जिलेबीचा. तुम्ही दारात बूट घालत होतात. तिने तो कागद दोन बोटांत धरून तुमच्यापुढे नाचवला. मला वाटलं, आता भांडण होणार. तुमचे कान लाल झाले. आणि ती हसायलाच लागली, पदर तोंडाला लावून. म्हणाली, "बाहेर काय खायचं ते खा हो. घरी माझ्याबरोबर बसता ना, मला तेवढं पुरे."

ती गेल्यावर तुम्ही मनमाड सोडलं नाहीत. मी नाशिकहून यायची तेव्हा तुमच्या ताटात तेच असायचं, काकडी, उसळ, भाकरी. मी म्हणायचे, नाना, आता करा की मनासारखं, तुम्हाला कुठे पथ्य आहे. तुम्ही म्हणायचात, जिभेला हेच लागतं आता. आणि जेवताना रेडिओ लावायचात. बातम्या सांगणारी बाई माझ्या पंगतीला असते, असं म्हणून हसायचात. मीही हसायचे.

आता माझं सांगते. हे जाऊन सहा वर्षं झाली. मी मुलाकडे असते, गंगापूर रोडच्या आत, पाचव्या मजल्यावर. सून गुणाची आहे, हे आधी लिहून ठेवते. अर्धं ताट भाजी, पाव भाग डाळ, पाव भाग भाकरी, असं चित्र तिने फ्रिजवर लावलंय. माझ्यासाठी नाचणीचं पीठ वेगळं, तेलाची बाटली वेगळी, फ्रिजमध्ये माझा कप्पा वेगळा. स्वयंपाकाला बाई येतात, त्यांना तिने बजावून ठेवलंय की आजींचं आधी करायचं. संध्याकाळी साडेसातला माझं ताट टेबलावर झाकलेलं असतं. मी झाकण काढते आणि जेवते. समोर पाच खुर्च्या. अन्न चांगलं असतं, नाना. गरम असतं. तक्रारीला कुठेही जागा नाही.

ती दोघं साडेनऊला जेवतात. त्यालाही पोट कमी करायचंय, म्हणून त्याची अंडी आणि कसलीशी पावडर; तिने रात्रीची पोळी सोडलीय, ती वाडगाभर सॅलड खाते. म्हणजे बघा, घरातले सगळेच नीट खातात. आपल्या घरात कधी खाल्लं नसेल इतकं नीट. एकदा मी धीर करून म्हटलं, "आपण तिघांनी एकदमच बसलं तर? माझं तुम्हाला चालेल, तुमचं मला चालेल."

मुलगा म्हणाला, "आई, साडेसातला मी अजून सातपूरलाच असतो गं. आणि तू आमच्यासाठी थांबलीस तर तुझी शुगर खाली येईल."

खरंच होतं त्याचं. वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. मी "हो रे, ते पण आहे" म्हणाले आणि विषय बदलला.

मग मला एक युक्ती सुचली. ती दोघं बसली की मी खोलीतून पेला घेऊन बाहेर यायची, माठातलं पाणी घ्यायची आणि पीत पीत टेबलाशी टेकायची. पाणी सावकाश प्यायलं की बराच वेळ जातो. तेवढ्यात तो ऑफिसातलं काही सांगतो, ती त्याला टोकते, मला विचारते, "आई, आज बागेत गेला होतात का?" पेला संपला की मी दुसरा भरून घ्यायची.

चार-आठ दिवसांनी ते तिच्या लक्षात आलं. तिचा चेहराच उतरला. "आई, तुम्हाला रात्री एवढी तहान लागते? म्हणजे शुगर वाढलीय." दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तिने माझ्या बोटाला सुई टोचली, नाश्त्यानंतर परत टोचली. दोन्ही वेळा आकडा चांगला आला. ती मशीनकडे बघत राहिली. "मग तहान का लागते?"

मी म्हटलं, "उन्हाळा आहे गं."

तिला ते पटलं. संध्याकाळी येताना तिने माझ्यासाठी मोठी बाटली आणली, पाणी गार राहणारी. भरून माझ्या पलंगाशेजारी ठेवली. "आता पाण्यासाठी सारखं उठायला नको तुम्हाला," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. किती मायेने केलं तिने. मी तिला काय सांगणार होते?

हे कुठे पाठवायचं नाहीच, त्यामुळे लिहायला हरकत नाही. काल ती दोघं जेवायला बसल्याचा आवाज आला, तशी मी ती भरलेली बाटली माझ्या बाथरूममध्ये नेली आणि सगळं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. मग रिकामी बाटली घेऊन बाहेर गेले.