शवागारातला ईस्टर

गुरुवार, १७ एप्रिल २०२५. दु. ४.४०
हे गेले. नर्सने घड्याळ बघून वेळ लिहिली, मीही पर्समधल्या पाकिटावर लिहिली. तपासायला आलेली डॉक्टर आमच्या मृणालपेक्षाही लहान. म्हणाली, मृत्यूच्या सर्टिफिकेटवर सही कन्सल्टंटची, म्हणजे मोठ्या डॉक्टरांची, आणि ते दोनलाच निघाले. लाँग वीकेंड. मग कधी? "मंगळवारी."
इंग्लंडातल्या ह्याच हॉस्पिटलात ह्यांनी तीस वर्षं डॉक्टरकी केली. नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर, सगळ्या ड्यूट्या ह्यांच्या गळ्यात. "तुमचा काही हा सण नाही," असं गोड बोलून रोस्टरवर नाव टाकायचे. आज ह्यांच्यासाठी एक सही करायला माणूस नाही.

शुक्र. १८. गुड फ्रायडे
मृणाल रीडिंगहून आली. एकुलती एक लेक, तिलाच सगळं करायचंय. कौन्सिलचा इमर्जन्सी नंबर तिनेच शोधला. तिथला माणूस म्हणाला, सुट्टीत कागद फक्त दफनासाठी मिळतात, दहनासाठी नाही. "बरिअल्स ओन्ली, लव्ह."
मी फोन ओढून घेतला. "मी तुमची लव्ह नाही. आणि माझ्या नवऱ्याला पुरायचं नाहीये." ठेवलाच त्याने.
कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर ह्या दिवशी तासभर क्रुसापुढे गुडघे टेकायला लावायच्या. त्यामुळे ही गोष्ट मला पाठ आहे, इथल्या लोकांतल्या कितीजणांना असेल देव जाणे. योसेफ येशूचं प्रेत मागायला गेला, तर ज्याने क्रुसावर चढवलं त्या पिलाताने त्याच संध्याकाळी देऊन टाकलं. पिलाताने!

शनि. १९
पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन. "वहिनी, दहनच नाही तर दहावा कसा करायचा? गुरुजी विचारतायत." मंगळवारनंतर कळवते म्हटलं.
शेजारी बार्बेक्यू. धूर थेट आत. खिडक्या लावून घेतल्या.

रवि. २०. ईस्टर
मृणाल सकाळपासून एकच. "आई, मला बाबांना बघायचं आहे." शवागारात फोन केला. भेटायची वेळ फक्त कामाच्या दिवशी. पोरगी जिन्यावर बसून राहिली. चहा गार.
दुपारी एक आठवलं. नको होतं आठवायला. असाच एक नाताळ, मी मसालेभाताचा डबा घेऊन वॉर्डवर गेले होते. बाहेर एक मुलगा उभा, बाप सकाळी गेलेला, त्याला त्याच दिवशी माती द्यायची होती. कागद मागत होता. हे म्हणाले, "सुट्टी संपू दे." आणि आत येऊन जेवायला बसले. मीच वाढलं. तो किती वेळ उभा होता कोण जाणे. जाताना मी दुसऱ्या दाराने...

सोम. २१. बँक हॉलिडे
काही नाही.

मंगळ. २२
नऊच्या ठोक्याला हॉस्पिटलच्या ऑफिसच्या दारात. कन्सल्टंट पुढच्या सोमवारी येणार. चार दिवस रजा जोडली की दहा दिवस सुट्टी मिळते, हे ऑफिसातल्या बाईने मलाच समजावलं. मग त्या दिवशीची ती लहान डॉक्टर करेल का सही? "नाइट्सवर आहे, निरोप ठेवलाय." निरोप!
क्रिमेटोरियममध्ये तीस तारखेची एकच वेळ शिल्लक. मृणालने धरून ठेवलीय. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कागद पोचले नाहीत तर ती दुसऱ्याला. मग एकदम पाच मेच्या सुट्टीनंतर. म्हणजे जवळजवळ तीन आठवडे हे शवागाराच्या त्या ड्रॉवरमध्ये.
ह्यांना पाच मिनिटं बघू दिलं. मृणालने कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

बुध. २३
हॉस्पिटलच्या मेडिकल डायरेक्टरना पत्र. मृणाल म्हणाली, "बाबांची तीस वर्षांची ड्यूटी लिही ना त्यात, दे शुड बी अशेम्ड." लिहिलं. मग खोडलं. का, ते तिला सांगितलं नाही. स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली. मजकूर इथे उतरवून ठेवते:
"महोदय, माझे पती गुरुवारी दुपारी ४.४० ला आपल्या इमारतीत वारले. आज सहा दिवस झाले. दिलगिरी व्यक्त करू नये, ती फोनवर भरपूर झाली. सही कोण करणार ते नाव आणि किती वाजता ती वेळ, एवढंच मला लेखी हवं. शुक्रवार, २५ एप्रिल, सकाळी दहाच्या आत. दहानंतर पाठवलेलं उत्तर घ्यायला मी घरी नसेन. मी आणि माझी मुलगी आपल्या दारात उभ्या असू."