रड मागनं, आधी ताट घे

माय, तुझं एक वाक्य सध्या सगळ्या जिल्ह्याच्या तोंडी आहे. कधी एकदा तुला सांगते असं झालंय, आणि तुला जाऊन तर चौदा वर्षं झाली, म्हणून लिहायला बसले. मी अजून उमरग्यातच आहे, शिलाईचं दुकान चालवते. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर विनोदी व्हिडिओ करून टाकते. एका व्हिडिओत मी पदर खोचून, हातात पळी घेऊन शाळेतली खिचडी शिजवणारी बाई झाले. समोर रडत आलेल्या पोरीला काय म्हणायचं ते ठरवलंच नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, "रड मागनं, आधी ताट घे."

तेवढंच लोकांनी उचललं. मी पहिल्यांदा ऐकलं ते एसटीत. जागेवरून दोन बायकांची जुंपली होती, आणि कंडक्टर शांतपणे म्हणाला, भांडा मागनं, आधी तिकीट घ्या. अख्खी गाडी हसली, त्या दोघीही हसल्या. मी स्कार्फ बांधून मागच्या सीटवर बसले होते. उठून सांगावंसं वाटलं की हे माझ्या मायचं आहे. मग दवाखान्यात नर्स एका घाबरलेल्या पोराला म्हणाली, रड मागनं, आधी सुई घे. येडशीजवळ एका टेम्पोच्या मागं ते रंगवलेलं दिसलं. भूमच्या बाजारात कांदेवाली घासाघीस करणाऱ्याला तेच ऐकवते. परवा एका लग्नात पाठवणीच्या वेळी नवरी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडत होती, तर तिच्या चुलत्यानं हळूच तेच म्हटलं आणि ती रडता रडता फिदीफिदी हसायला लागली. माय, हे बघायला तू हवी होतीस.

पण एक गोष्ट माझ्याकडून चुकली. एका चॅनेलचा माणूस दुकानात आला आणि त्यानं विचारलं, हे वाक्य सुचलं कुठून? मी म्हणाले, आमच्या गावात एक म्हातारी होती, ती म्हणायची. तू म्हातारी कधी झालीस गं? तो गेल्यावर मी मशीनवर बसले, तर ब्लाऊजची बाही उलटी जोडली. कारण कुठली जुनी लाज तोंडातून बोलली, ते मला पक्कं माहीत होतं.

सहावीतला तो दिवस. शाळेमागची पत्र्याची शेड, धुरानं लाल झालेले तुझे डोळे, मोठं पातेलं, आणि ताटं वाजवत उभी असलेली पोरं. वर्गातल्या पोरींनी मला 'खिचडीवालीची' म्हणून चिडवलंय आणि मी रडत रांग मोडून तुझ्याकडं येते. तू वर बघतही नाहीस. सगळ्यांना म्हणतेस तेच मला म्हणतेस, रड मागनं, आधी ताट घे. मी सगळ्यांसमोर ओरडते, मला तुझ्या हातचं नको. तू पळी तशीच पुढच्या पोराच्या ताटात रिकामी करतेस. संध्याकाळी घरी भाकरी थापताना तू एवढंच बोललीस, "शाळंत साठ लेकरं हायती. म्या तुझ्या एकटीची माय झाले, तर बाकीच्यांनी कुनाकडं जावं?" दुसऱ्या दिवसापासून मी जेवायच्या सुट्टीत घरी जायला लागले. दहावीपर्यंत शेडकडं फिरकले नाही. तूही कधी बोलावलं नाहीस.

आणि आता गावाकडच्या त्याच शाळेनं मला स्नेहसंमेलनाला पाहुणी म्हणून बोलावलं. गेल्या आठवड्यात गेले होते. शेड गेली, पक्कं स्वयंपाकघर झालंय. पोरं मला बघून एका सुरात तुझं वाक्य ओरडली. विनोद पाठ करून गेले होते, पण माईक हातात घेतला आणि म्हणाले, हे वाक्य माझं नाही. इथं खिचडी शिजवायची ती माझी आई, तिचं आहे, आणि टीव्हीवर मी खोटं बोलले. मला वाटलं, आता हसतील.

मागं पालकांत बसलेला एक माणूस उठला. माझ्याच वयाचा, शेतावरून तसाच आलेला. म्हणाला, वडील वारल्यावर चौथ्या दिवशी तो शाळेत आला होता, आणि त्या शेडपुढं उभा राहून रडत होता. तू त्यालाही तेच म्हणालीस. त्यानं ताट घेतलं, जेवला. मग तू पातेलं उतरवून ठेवलंस, हात पुसलेस आणि त्याच्याजवळ खाली बसलीस.

"ताट संपल्यावर मावशी म्हनल्या, आता रड, मी हाय हितंच. घंटा झाली तरी उठल्या न्हाईत."

माय, ही पुढची ओळ मला माहीतच नव्हती. तुझ्यासमोर ताट संपेपर्यंत मी कधी थांबलेच नाही. घरी येताना गाडीत मी रडत होते आणि हसतही होते. शेजारच्या बाईनं मला पाण्याची बाटली दिली. तेव्हापासून दिसेल त्याला सांगत सुटलेय, गिऱ्हाईकांना, भाजीवालीला, फोनवर लांबच्या आत्याला.

हे लिहून झालं की मशीनच्या खणात ठेवून देईन, दुसरं करणार तरी काय. फक्त एक सांगायचं राहिलं. कार्यक्रम संपल्यावर तो माणूस मला म्हणाला, व्हिडिओतला आवाज अगदी मावशींचाच काढता तुम्ही. मी हो म्हणाले. तो आवाज आपल्या शेजारच्या काकूंचा आहे, माय. तुझा मला आठवत नाही.