उलट्या रेघा

प्रिय डावरे,

गेले चौदा महिने माझ्या हातच्या कवळ्या तू माझ्या पाठीमागे दुरुस्त करत होतीस, हे मला मंगळवारी कळलं. म्हणून लिहिते आहे. नाहीतर बारा वर्षं एकमेकींशी न बोलता आपलं उत्तम चाललं होतं.

कसं कळलं ते आधी सांगते, म्हणजे तू उगाच डॉक्टरवर चिडणार नाहीस. चुगली केली ती तुझ्या कानशीने. डॉक्टर सुट्टीवर होता, म्हणून कोपऱ्यावरचा घड्याळजी थेट माझ्याकडे आला. खालची कवळी काढून बशीत ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाला, "बाई, तुमचं काम म्हणजे काम. जरा एवढी कडा तेवढी गुळगुळीत करा." मी ती दिव्याखाली धरली. कवळीच्या आतल्या बाजूला चकाकी देत नाहीत, तिथे घासल्याच्या रेघा तशाच राहतात. माझ्या रेघा उजवीकडे चढतात. या डावीकडे चढत होत्या. या धंद्यातलं डावखुरं माणूस मला एकच माहीत आहे, आणि त्याला मीच जन्म दिला.

डॉक्टर परतल्यावर ती कवळी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने आधी चष्मा पुसला, मग पंखा वाढवला, मग म्हणाला, "काकू, तुमचा अंगठा थरथरतो. गेल्या वर्षी एका आजोबांची हिरडी सोलून निघाली. मी तुम्हाला सांगणारच होतो, पण आधी तिच्याजवळ बोललो. ती म्हणाली, काही सांगू नका, इकडे पाठवत जा, मी नीट बसवून देते. आईला कळता कामा नये." मी विचारलं, "अशा किती पाठवल्यास?" खाली बघून म्हणाला, "सगळ्याच, काकू."

सगळ्याच. चौदा महिन्यांत एक तक्रार आली नाही आणि मी मिरवत होते. समोरच्या इस्त्रीवालीलासुद्धा ऐकवून झालं, की वयाबरोबर माझा हात मुरत चाललाय. तिला बिचारीला काय, ती म्हणाली, "हो ना, ताई."

एकटीने धंदा करणं काय असतं ते तुला आता ठाऊक आहे. साचा भरायचा मी, मेणात दात बसवायचे मी, कवळी पक्की व्हायला तिचा डबा उकळत ठेवायचा मी. फोन वाजला की आवाज बदलून "मॅडम कामात आहेत" हे सांगायचंही मीच. दारावर "पाच मिनिटांत येते" ही पाटी अडकवून मी बँक, दवाखाना, रडणं, सगळं उरकलं आहे. तुझ्या बाबांना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा माझा डबा उकळत होता. मधेच बंद केला असता तर पूर्ण कवळी वाया गेली असती. मी चाळीस मिनिटं उशिरा पोहोचले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला पहिलं विचारलं, "बसली का कवळी?" तू हसलीस, तुला वाटलं त्यांनी चेष्टा केली. ते चेष्टा करत नव्हते. त्यानंतर जेमतेम वर्षभर होते, पण दुकानाबद्दल त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही.

लोक म्हणायचे, एखादं माणूस ठेवा हाताशी. माणूस ठेवलं की ते आपलं काम बघतं. मला माझं काम बघणारं कोणी नको होतं.

आणि तरी तू कॉलेज संपवून, स्टूल ओढून माझ्या शेजारी बसलीस. मी तुला काय काय बोलले ते तुझ्या लक्षात असेल. "हिने घासलेली कवळी तोंडात उलटी बसते," असं गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, गिऱ्हाइकं हसायची. तूही हसायचीस. तू रडली असतीस तर मी कदाचित थांबले असते. उजव्या हाताने घास म्हणून मी तुझा डावा हात ओढणीने स्टुलाला बांधला होता, पूर्ण एक दिवस. बाबा जेवायला बोलवायला आले, त्यांनी गाठ सोडली.

मग मुख्याध्यापिकाबाईंची पूर्ण कवळी तुला दिली. तुझी पहिली. नऊ दिवस राबलीस. दहाव्या दिवशी सकाळी, डॉक्टर उभा असताना, मी फडक्यात गुंडाळलेली कवळी टेबलावर ठेवली, वर हातोडी घातली आणि म्हणाले, "असलं काम माझ्या दारातून बाहेर जाणार नाही." तू फडकं उलगडूनही पाहिलं नाहीस. चपला घातल्यास आणि गेलीस. दोन गल्ल्या सोडून तू दुकान थाटलंस तेव्हा मी एकेका डॉक्टरकडे स्वतः जाऊन सांगितलं, पोरीचा हात कच्चा आहे. तीन वर्षं तुला दुसऱ्यांच्या मोडक्या कवळ्या सांधण्याशिवाय काम मिळालं नाही. दुरुस्तीत तू इतकी तयार झालीस ती अशी. म्हातारपणी ते माझ्याच उपयोगी पडलं.

एक मात्र सांगते. डावीकडची मागची दाढ तू गरजेपेक्षा जास्त घासतेस. घड्याळजी एकाच बाजूने चावतो. त्याला बोलावून बघ.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्या फडक्यात तुझी कवळी नव्हती. तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणून त्याच साच्यावर मी गुपचूप दुसरी केली होती. आदल्या दिवशी दोन्ही साच्यावर ठेवून पाहिल्या. माझी किंचित हलली. तुझी हलली नाही. मी तीन वेळा पाहिलं. मग जी हलली ती फडक्यात बांधून तुझ्यासमोर फोडली आणि तुझी माझ्या नावावर दिली. मुख्याध्यापिकाबाई अजून तीच घालतात, कडक बिस्किट चहात न बुडवता खातात आणि दिसेल त्याला माझं नाव सांगतात. या बारा वर्षांत माझ्या दारात आलेली निम्मी माणसं त्यांचं नाव घेऊन आली. एका दुकानात दोन चांगले हात मावले असते, पण माझा दुसऱ्या नंबरचा ठरला असता. ते मला नको होतं, याखेरीज दुसरं कारण नाही. शनिवारी मी दुकानाची पाटी उतरवली. माफी मागत नाही. तू ती माझ्या पाठीमागे, मला कळू न देता देशील. तुझी ती रीत मी चौदा महिने भोगली आहे, पुन्हा सोसणार नाही.

तुझीच,
आई

टेम्पोवाल्यासोबत पाठवलेलं सामान. समोर उभी राहून मोजून घे.

नंबर घातलेले साचे, दोनशे बारा. जी माणसं आता नाहीत त्यांचे खालच्या खोक्यात आहेत.
उकळायचा डबा, एक. झाकणाचा स्क्रू ढिला आहे.
कानशी, अकरा. उजव्या हाताने झिजलेल्या, तुला कितपत चालतील माहीत नाही.
स्टुलं, दोन.
हातोडी, एक.
मुख्याध्यापिकाबाईंचा साचा, वेगळा बांधलेला. चिठ्ठीवरचं माझं नाव खोडून तुझं लिहिलं आहे.
फडकं, एक. बारा वर्षांत गाठ सोडलेली नाही. आत तुकडे आहेत. आतल्या बाजूच्या रेघा बघ, उजवीकडे चढतात.