तिसाव्या दिवसाच्या आत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, अविवाहित, व्यवसायाने नेत्रतज्ज्ञ, हे इच्छापत्र कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. हात ठिकाणावर नाहीत, म्हणून मजकूर वकिलांचे कारकून लिहून घेत आहेत आणि मधूनमधून "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही" म्हणत आहेत. त्यांनी ते बसवावं. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने मला फार तर महिना दिला आहे.

कलम १. माझ्या मालकीचं लेझर यंत्र, डोक्याला बांधायचा दिवा, भिंगं आणि बाळांच्या पापण्या उघड्या धरायचे चिमटे मी माझ्या जुन्या विद्यार्थिनीला देते. ती नऊ वर्षांपूर्वी मला सोडून गेली. आता याच शहरात चष्म्याचे नंबर काढते.

बाळांच्या डोळ्यांना लेझर कशाला, असा कारकुनांना प्रश्न पडला आहे, म्हणून सांगते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा पुरता तयार झालेला नसतो. रक्तवाहिन्या भलतीकडे वाढल्या की तो ओढला जातो, सुटतो, आणि मूल जन्मभरासाठी आंधळं होतं. तिसाव्या दिवसाच्या आत डोळे पाहिले, मग पाहत राहिलं, आणि गरज दिसताच दोन दिवसांत लेझर केलं, तर बहुतेकांची दृष्टी वाचते. एकवीस वर्षं मी एवढंच केलं. माझ्यामागे या भागात ते करणारं कोणी नाही. शिकून घ्या म्हणून अठरा डॉक्टरांपुढे पदर पसरला. एकजण म्हणाला, "एवढ्याशा जिवाच्या डोळ्याला हात लावायची भीतीच वाटते." वाटायलाच हवी. मला अजून वाटते.

आज मंगळवार. दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवतात त्या काचेच्या पेट्यांपैकी पेटी क्रमांक चारमधली मुलगी जन्मली तेव्हा नऊशे ग्रॅमची होती, आता दीड किलोची आहे. तिचा प्राणवायू काढता येत नाही, त्यामुळे सहा तासांवरच्या मोठ्या दवाखान्यात तिला नेता येत नाही. काल तिचा पडदा पाहिला. उद्या संध्याकाळपर्यंत लेझर व्हायलाच हवं. यंत्र कालच सुरू केलं होतं, पण भिंग हातात थरथरत होतं, म्हणून बंद केलं. तिची आई म्हणाली, "मग उद्या कराल ना, डॉक्टर?" मी हो म्हणाले. कोणाच्या जिवावर म्हणाले, मला माहीत नाही.

कलम २. बँकेतली सगळी शिल्लक बाळांना फेरतपासणीला आणणाऱ्या आयांच्या गाडीभाड्यासाठी. फेरतपासणीला न येणारी आई बेफिकीर नसते. तिच्या घरी दुसरं मूल रडत असतं आणि हातात भाड्याचे पैसे नसतात.

कलम ३. हे राहतं घर मी एका नऊ वर्षांच्या मुलीला देते. ती बोटांनी वाचते. ती जुळ्यांतली धाकटी. तपासणीच्या दिवशी थोरल्या भावाचे डोळे मी पाहिले, चांगले होते. ही काविळीसाठी निळ्या दिव्याखाली होती. मला पुढच्या दवाखान्यात पोचायचं होतं. जुळ्या भावाचे चांगले म्हणजे हिचेही चांगले, असं धरून मी यादीत दोघांपुढे बरोबरची खूण केली. चार महिन्यांनी बाप तिला घेऊन आला तेव्हा बाहुल्या पांढऱ्या दिसत होत्या. मी त्याला सांगितलं, माझ्या मदतनीस डॉक्टरने हिला तपासायचं राहून गेलं. मदतनीस, म्हणजे कलम एकमधली विद्यार्थिनी, शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा ठेवला. ती खूण माझी होती. हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. मला लाज वाटते.

कलम ४. माझ्या थोरल्या बंधूंना काही नाही. "लोकांची पोरं बघत बसलीस" असं ते म्हणत, आणि नजर माझ्या घरावर. त्यांना पोटभर मिळालेलं आहे. दवाखान्याच्या व्यवस्थापकांना माझ्या तेवीस अर्जांच्या, मी जपून ठेवलेल्या नकला. दुसरा डॉक्टर नेमा, म्हणून केलेले ते अर्ज. फुरसतीने वाचावेत.

सहीपूर्वीची नोंद. साक्षीदार म्हणून मी त्या विद्यार्थिनीलाच बोलावलं. दुसऱ्या कशाला ती आली नसती. दुपारी तीनला आली. तिने उभ्यानेच सगळं वाचलं. कलम तीन दोनदा वाचलं.

"त्या मुलीच्या आईबाबांना सांगितलंत?"

"नाही. मी गेल्यावर कळेलच."

"म्हणजे तुम्ही सुटणार आणि ते कागद वाचणार. वा, मॅडम!"

मी माफी मागितली. पेटी चारबद्दल सांगितलं, हात जोडले. ती म्हणाली, "आधी त्यांना फोन लावा. माझ्यासमोर. नाहीतर मी लेझरच्या किल्लीला हात लावणार नाही."

फोन कलम तीनमधल्या मुलीनेच उचलला. "कोण बोलतंय?" मी म्हणाले, बाळ, बाबांना दे. बापाला सगळं सांगितलं, खुणेसकट. तो म्हणाला, "नऊ वर्षं आम्ही त्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना शिव्याशाप दिले." घर घेणार की नाही ते तो बोलला नाही. फोन ठेवला.

विद्यार्थिनीचे डोळे भरले होते. ती वळली आणि कारकुनांना म्हणाली, "कलम एकमध्ये 'मृत्यूनंतर' नको. 'आजपासून' लिहा." आणि टेबलावरची यंत्राची किल्ली उचलली.

तसं लिहिलं आहे. वाचून पाहिलं, बरोबर आहे. सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

स्थळ: राहत्या घरी, दुसरा मजला
दिनांक: चालू महिन्याची नऊ, मंगळवार, दुपारी साडेचार
(सही) इच्छापत्र करणारी

साक्षीदार:
१. (सही) वकिलांचे कारकून
२. (सही) तळमजल्यावरचे औषधविक्रेते

कारकुनाचा शेरा: साक्षीस बोलावलेल्या डॉक्टरांची सही घेतलेली नाही. ज्यांना काही मिळतं त्यांना साक्षीदार होता येत नाही. शिवाय त्या थांबल्या नाहीत. जिन्यावरून त्यांनी फोनवर पेटी चारमधल्या बाळाच्या डोळ्यांत लेझरआधीचे थेंब घालायला सांगितल्याचं मी ऐकलं.