दोष वेसणीचा नव्हता

बाबा, आपला पांढरा बैल वेसणीनं गेला नाही. मला हे कळलं तेव्हा तुम्ही नव्हता.

तो घोरायला लागला तेव्हा शेजारचे काका शेताच्या धुऱ्यावरून म्हणाले होते, "तुहा बैल तं माह्या सासऱ्यावाणी घोरते बे." सगळे हसले, तुम्हीही. मग त्याच्या नाकातून रक्ताचा शेंबूड आला आणि तुमचं हसणं थांबलं. नवी वेसण तुम्हीच घातली होती, जरा जाड दोराची. तीच रुतली, असं तुमच्या मनानं घेतलं. वेसण काढलीत आणि रोज संध्याकाळी, वांग्यांना पाणी देऊन झालं की, एरवी तो जिथं पाणी प्यायचा त्या गावतळ्यात त्याला उभं करू लागलात. मी काठावर बसलेली असते. तुम्ही गुडघाभर पाण्यात, ओंजळीनं त्याचं नाक धुताय. "पाय, कसा निवून राह्यला," म्हणता. तो खरंच शांत उभा असतो. काठच्या शेवाळात चपट्या गोगलगायी चिकटलेल्या असतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

तो खंगत गेला, उन्हाळा त्यानं काढला नाही. "माह्या हातानं गेला व थो, बाई," एवढंच बोललात. पुढे एकाही बैलाच्या नाकात तुम्ही दोर घातला नाही. बिनवेसणीचे बैल वखर भलतीकडे ओढत, लोक टिंगल करत, आणि तुम्ही मागे धावत.

आता गुरांची डॉक्टर म्हणून हिंगणी गावच्या सभेत मी टेबलावर हात आपटून सांगते, ढोरं तळ्यात घालू नका, पोळ्याची आंघोळसुद्धा हौदावर घाला. बैलाला घोरायला लावणारा जंत गोगलगायीत वाढतो, पाण्यात सुटतो, बैलाच्या कातडीतून आत शिरतो आणि नाकात घर करतो. त्याची अंडी शेंबडातून पुन्हा त्याच पाण्यात जातात. परवा एक म्हातारा उठला. "पण बाई, तळ्यात त्याले बरं वाटते ना?"

दोर निर्दोष होता हे तुम्हाला सांगायचं, तर तळ्याचंही सांगावं लागेल, तुमच्या ओंजळीचंही. तुम्ही असता तरी मला ते जमलं नसतं. म्हणून हे पत्र घडी घालून ठेवते आहे. सभेत मी तुमची गोष्ट सांगते, "एक शेतकरी होता" म्हणून, आणि वेसणीपाशी थांबते, तळ्यापर्यंत नेत नाही. परवाही तिथंच थांबले. तो म्हातारा त्या संध्याकाळी बैल घेऊन तळ्याकडेच गेला असेल.