मागची काच कशानं फुटली

१२ फेब्रु., गुरु.

जावईबापू गाडी देऊन गेले. दोन दिवसांसाठी नेलती, त्यायच्या मावसभावाच्या साक्षगंधाले, कळंबकडं. मागची काच नाई! काचेच्या जागी प्लास्टिकची पन्नी अन् खाकी चिकटपट्टी. म्हणे, "आई, उभ्या गाडीवर वान्नेर पडलं." एवढं बोलले, पाणी पेले अन् निघाले. मित्र मोटरसायकल घेऊन बाहेर उभाच. चहा बी नाई घेतला. एरवी दोन कप घेते हा माणूस. चहा सोडून पळते म्हणजे काईतरी आहे.

मयुरी सोबत नाई आली. फोनवर म्हणे डोकं दुखून राह्यलं. लग्नाले नऊ महिने झाले. सिंदीहून नालवाडीले गाडी येते अन् पोरगी येत नाई, असं पयल्यांदा.

हे म्हणे, "असन ना वान्नेर. आपल्या वावरात काय कमी आहे त्यायचं?" यायचं असंच. वांग्यात अळी दिसली तरी म्हणन, राहू दे, तिले बी पोट आहे.

१३ फेब्रु., शुक्र.

दुकान अकराले उघडलं. फॉल-पिकोच्या तीन साड्या राह्यल्या, उद्या पाहू. त्याच्या आधी यायच्यासंग गाडी घेऊन देवळी रोडले गेलती, जाकीरभाईच्या काचेच्या दुकानात.

मी अस्तराचं कापड घेतानी पाण्यात टाकून पाहते, रंग जाते का. काच काई पाण्यात टाकून पाहता येत नाई, म्हणून इचारलंच सगळं. कंपनीची का लोकल? कोपऱ्यात मार्का राहते तो आधी दाखवा, बसवल्यावर नाई. काचेवरच्या त्या बारीक लायनी, धुकं पुसणाऱ्या, त्या चालू करून दाखवान का? रबर नवं का जुनंच चिकटवान? आतले काचेचे दाणे कोण काढन? अन् पावसाळ्यात पाणी आत आलं तं मी कोणाच्या दारात उभी राहू? जाकीरभाई हासले. "ताई, आप पहले बैठो तो सही."

मग त्यायनंच मले इचारलं, कशानं फुटली? म्हटलं, वान्नेर. ते गाडीपाशी गेले, पन्नी वर केली, खाली वाकून डिक्कीच्या दारावर हात फिरवला. "बंदर ऊपर से गिरा, तो नीचे का पत्रा कैसे दबा?"

खरंच दबलं होतं. काचेच्या खाली वीतभर. अन् त्यात पांढरा चुना भरलेला, भिंतीचा. पत्रा सरळ केल्याशिवाय काच बसवली तं पुन्हा फुटन म्हणे.

वान्नेर काई चुना लावून फिरत नाई. चुना मलेच लावून राह्यले हे लोक.

१४ फेब्रु., शनि.

इन्शुरन्सवाल्याले फोन केला. तो म्हणे, काच काढायच्या आधी फोटो काढा, तुकडे फेकू नका, आमचा माणूस पाहून जाईस्तोवर कामाले हात नाई लावायचा. अन् गाडी कोण चालवत होतं त्याच्या लायसनची झेरॉक्स. म्हटलं, गाडी उभी होती ना. म्हणे, "मग उभी कोणी केली, त्याची द्या."

जावयाले फोन लावला. लायसनचा फोटो टाका म्हटलं. मग म्हणे, "क्लेम नका करू आई. काच मी बसवून देतो." काऊन? "उगाच कागदाचं लफडं." ज्याच्या मनात काई नाई तो कागदाले कायले भेईन?

संध्याकाळी हे वावरात सांभाराच्या हिरव्या जुड्या आणायले निघाले. थैली ठेवाले ड्रायव्हरच्या सीटमागं वाकले तं जाड उशी सापडली. उंची पुरत नाई तो बुडाखाली घेते तशी! जावई सहा फुटाचा. मग चालवत कोण होतं? कोणी बुटका. मित्र असन. कोणता मित्र? कळंब म्हणजे नदीच्या तिकडं. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी, नदी ओलांडली का खुली. हा पेलेला असन, गाडी दुसऱ्याच्या हातात दिली असन. का डिक्कीत भरून आणत होते अन् कोणी मागं लागलं?

लिहू नाई वाटत, पण लिहिलं. डिक्कीत नाक घालून बी पाह्यलं. नुसता सांभाराचा वास.

हे म्हणे, "तू ठाणेदार व्हायले पायजे होतं." हासा! पोटची पोरगी देऊन बसलो आपण तिथं.

१६ फेब्रु., सोम.

जावयाले तोंडावर इचारता येत नाई. जावई आहे, मान आहे. काल दिवसभर इचार केला. आज ईनबाईले फोन केला, मयुरीच्या सासूले. आधी तब्येत, मग तूर किती झाली, मग थंडी. मग इचारलंच. "निलेशराव घेते का कधी?"

"काय घेते?"

"तसं नाई हो. लग्नासाग्नात, पोरंसोरं राहते..."

ईनबाईनं दार लोटलेलं ऐकू आलं. मग म्हणे, "आमच्या घरात ते चालत नाई. पण तुमी इचारलं म्हणजे तुमाले काईतरी दिसलं असन." अन् ठेवला.

जेवतानी यायले सांगितलं. यायचा घास हातातच राह्यला. "हे तू काय केलं?" आवाज बी नाई चढवला, तेवढंच. मग जेवले बी नाई नीट. मले राग आला. माय मी आहे. मी नाई इचारणार तं कोण इचारन? गल्लीतले?

१७ फेब्रु., मंगळ.

म. चा फोन नाई. सकाळी एकदा लावला, दुपारी दोनदा. उचलत नाई. मेसेज वाचला, उत्तर नाई.

म्हणजे माझा वहीम खरा. घरात काई शिजत नसतं तं पोरगी बोलली नसती का?

एका साडीले फॉल उलटा लावला. पूर्ण उसवला. गिराईक बसून होतं, त्या बाईवरच खेकसली.

१८ फेब्रु., बुध.

मयुरी आली. एकटी, रेल्वेनं. दुकानात गिराईक होतं, त्यायच्यासमोर काई बोलली नाई. फॉलचे रंग डब्यात लावत बसली, लहानपणी बसत होती तशी. बाई गेली तशी म्हणे,

"आई, गाडी मी ठोकली."

दोन महिन्यांपासून क्लासच्या गाडीवर शिकून राह्यली म्हणे. कच्चं लायसन काढलं. साक्षगंधाहून आल्यावर सकाळी निलेशनं कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मैदानात नेलं. तो बाजूले बसला होता. मागं घेतानी हिले भिंत दिसली नाई. तो बिचारा म्हणे, आईले खरं सांगून देऊ. हिनंच त्याले शपथ घातली, वान्नेर म्हणा म्हणून. माझा बुटका माणूस म्हणजे माझीच पोट्टी. अव माय! अन् मी डिक्कीत दारू हुंगत होती.

म्हटलं, "मले काऊन नाई सांगितलं?"

"बारावीत स्कूटी पाडली होती मी. तू तीन वर्स ऐकवलं. पाव्हण्यायसमोर ऐकवलं. हे लोक मले पाहायले आले तेव्हा बी ऐकवलं, हिच्या हातात गाडी नका देजा म्हणून. सासूबाईनं तेच धरलं. म्हणून तिकडं बी लपून शिका लागलं."

मी म्हटलं, मी कधी म्हटलं असं? मग आठवलं. पोह्याची प्लेट हातात घेऊन म्हटलं होतं. सारे हासले होते, मी बी.

अन् तिकडं काय चालू आहे ते नंतर सांगितलं. माझा फोन ठेवल्यावर ईनबाईनं लेकाले देवापुढं उभं केलं. पेतो का? नाई म्हणे. मग काच कशानं फुटली? वान्नेर म्हणायले देवापुढं त्याची जीभ नाई उचलली, अन् बायकोचं नाव बी नाई घेतलं. दोन दिवस झाले, माय लेकाशी बोलत नाई. ताट वाढते अन् आत निघून जाते. आता ईनबाईच्या मनात पक्कं आहे का पोरगा पेते. ते मी घातलं तिच्या मनात.

"मी सांगते तिले," म्हटलं, फोन उचलला. मयुरीनं हातातून काढून घेतला. "तू नको बोलू आता. तू बोललं का वाढते."

चारच्या गाडीनं गेली. डबा देत होती, नेला नाई.

१९ फेब्रु., गुरु.

यायले सगळं सांगितलं. हे एवढंच म्हणे, "भेते तुले ती. मी बी भेतो, पण मले सवय आहे." हासत म्हणे. मले हासू नाई आलं. माझी पोरगी मले भेते, हे मले कोणी आधी काऊन नाई सांगितलं?

का सांगितलं असन अन् मीच बोलत असन तेव्हा.

क्लेम सोडला. कागदावर वान्नेर लिहायचं नाई, अन् पोरीचं नाव बी नाई. जाकीरभाईकडं गाडी नेली. पत्रा सरळ केला, मग काच. मार्का दाखवला, लायनी चालू करून हात लावायले सांगितलं, कोमट लागल्या. आज दारं आपटायचे नाई, एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची, दोन दिवस पाण्यानं धुवायची नाई. "ताई, और कुछ पूछना है?" म्हणे.

काईच सुचलं नाई.

२२ फेब्रु., रवि.

सिंदीले गेलतो दोघं. मयुरीले आधी मेसेज केला, फक्त माफी मागायले येतो. तिचं उत्तर, "दुसरं काई बोलू नको."

ईनबाईनं पाणी दिलं. बसा म्हणे. ईनबाई म्हणून हाक नाई मारली. मी म्हटलं, "माझं चुकलं. निलेशराव घेत नाई, मले पक्कं माहीत आहे. मले नुसता वहीम होता अन् तोंड आवरलं नाई." एवढं बोलाले किती जड जाते. आयुष्यात चारदा बी बोलली नसन मी असं.

ईनबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणे, "मग काच कशानं फुटली?"

निलेश दारात उभा. हे चटईकडं पाहून राह्यले. मयुरी चहाचा ट्रे घेऊन येत होती. माझ्या जिभेवर दोन्ही होतं, खरं बी अन् खोटं बी. खरं बोलावं तं पोरीनं मना केलं. खोटं बोलावं तं पोरगा पिदाडा ठरते. मी तोंड उघडलं, काय बोलणार होती मलेच माहीत नाई.

मयुरीनं ट्रे खाली ठेवला. "मी फोडली, आई. गाडी मी चालवून राह्यली होती." सासूले आईच म्हणते ती. "यायनं माझ्यासाठी सांगितलं नाई. तुमी त्यायच्याशी बोला."

ईनबाईनं तिच्याकडं पाह्यलं, लेकाकडं पाह्यलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्तच वेळ. अन् इचारलं काय, तं "पक्कं लायसन कधी आहे?"

"मंगळवारी परीक्षा आहे. वर्ध्याले."

ईनबाई उठल्या, आत गेल्या. भांड्यायचा आवाज येत होता. रागाचा का कामाचा, काई समजलं नाई. बाहेर आल्याच नाई. चहा थंडा झाला तसे आमी निघालो. फाटकापर्यंत निलेशराव आले, पाया पडले. मले लाज वाटली. या पोराबद्दल काय काय लिहून ठेवलं मी या वहीत.

सेलूच्या पुढं रडू आलं. यायनं गाडी बाजूले घेतली. माझी पोरगी सासूसमोर उभी राहून खरं बोलली. मायसमोर तिले वान्नेर लागलं.

२४ फेब्रु., मंगळ.

आज म. ची परीक्षा. इथंच वर्ध्यात, माझ्या दुकानापासून दोन-अडीच किलोमीटर. आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढा लागते म्हणे गाडीनं. रस्त्याच्या त्या बाजूनं उभं राहून दुरून पाहता आलं असतं. साडी नेसून तयार बी झालती. गेली नाई.

ईनबाईनं येऊ दिलं असन का? लेकाशी बोलल्या का? सोबत कोण आलं? का आलीच नाई पोरगी? पास झाली का? मागं घेतानी पाह्यलं का नीट? एवढे प्रश्न मनात आहे, अन् फोन हातातच आहे.

हे दोनदा म्हणे, "लाव ना." नाई म्हटलं. तिले सांगा वाटलं तं सांगन.

एक गिराईक आलं, मॅचिंग अस्तर घेऊन गेलं. पाच वाजून गेले. नाई लावला.