न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहिल्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य तथा अध्यक्ष,
परीक्षा गैरप्रकार चौकशी समिती,
खामकाठ अभियांत्रिकी महाविद्यालय (स्वायत्त),
छत्रपती संभाजीनगर.

विषय : प्रश्नपत्रिका न मिळाल्यामुळे स्वतः प्रश्न घालून लिहिलेली उत्तरपत्रिका तपासून मिळणेबाबत.

संदर्भ : परीक्षा विभागाची अर्जदारास मिळालेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार कु. प्रेरणा फकिरा नलावडे ही देवगाव रंगारी, ता. कन्नड येथील रहिवासी असून तिने आपल्या महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीची चारही वर्षे पूर्ण केली आहेत. अंतिम वर्षात तिला प्रथम श्रेणी आहे. तथापि पहिल्या वर्षाचा ‘संगणक अभियांत्रिकीची तोंडओळख’ हा एक विषय राहिल्यामुळे तिची पदवी अडली आहे. संगणक म्हणजे काय, बायनरी संख्या, फ्लोचार्ट कसा काढतात, एवढाच त्या विषयाचा आवाका आहे.

तो राहण्याचे कारण असे की, मूळ परीक्षेच्या दिवशी एसटीचा संप चालू होता आणि अर्जदार ज्या काळीपिवळी जीपने निघाली ती वाटेत बंद पडली. ती दुसऱ्याच्या मोटारसायकलवरून पोहोचली तेव्हा दार लागले होते. पुढील वर्षी त्या विषयाचा व दुसऱ्या वर्षाच्या गणिताचा पेपर एकाच वेळी आला. ‘सोपा विषय आहे, शेवटी कधीही निघेल,’ असे तिला सर्वांनीच सांगितले व तिनेही ते खरे मानले. त्यानंतर नवा अभ्यासक्रम आला आणि तो विषयच बंद झाला.

अर्जदार परीक्षा विभागात गेली असता तेथील लिपिक श्री. नानासाहेब यांनी चष्मा कपाळावर सरकवून सांगितले, “विषय बंद झाला, तर पेपर कुठून आणायचा, बेटा?”

“मग मला त्यातून सूट मिळंल का, सर?”

“सूट कशी मिळंल? तो विषय पास झाल्याबिगर पदवी नाय.”

नव्या अभ्यासक्रमातील समकक्ष विषय मागितला, तेव्हा त्यास प्रथम वर्षाची प्रात्यक्षिके व हजेरी लागते असे कळले. प्रथम वर्षात बसू द्यावे म्हटले, तर ती आता विद्यार्थिनीच नाही असे कळले. दरम्यान वाळूजच्या एका कारखान्यात तिची निवड झाली होती. तेथील अधिकारी आधी आठवड्याला, मग रोज फोन करून पदवीचे प्रमाणपत्र मागू लागले.

अखेर आपल्या कृपेने विशेष परीक्षा मंजूर झाली. मोठ्या हॉलमध्ये अर्जदार एकटी बसली. उत्तरपत्रिका मिळाली, घंटा झाली, शिपाई पाणी देऊन गेला. प्रश्नपत्रिका आली नाही. बंद विषयाला पेपर काढणारे प्राध्यापक नेमायचे राहून गेले होते, असे मागाहून समजले. वेळ संपल्यावर तिने कोरी उत्तरपत्रिका परत केली. निकालात शून्य आले. विचारणा केली असता उत्तर मिळाले, “कोरा पेपर दिला तर शून्यच पडणार.”

दुसऱ्या विशेष परीक्षेसही तसेच घडले. पर्यवेक्षक प्रा. मनस्विनी मॅडम यांनी वारंवार फोन केले. ‘बसवून ठेवा, पेपर येतोय,’ एवढेच उत्तर मिळत होते. अर्धी वेळ गेली. अर्जदारासमोरचा कागद कोराच होता. तिने उभे राहून विचारले, “मॅडम, कोरा दिला तर पुन्हा शून्य. लिहू का मी काही?”

“काय लिहिशील?”

“जे विचारायला पाहिजे होतं ते.”

मॅडमनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. अर्जदाराने अभ्यासक्रमातील प्रत्येक घटकावर स्वतःच प्रश्न घातला व त्याचे उत्तर लिहिले. कित्येक महिन्यांनंतर त्या दिवशी तिला प्रथमच मोकळा श्वास घेता आला, हेही येथे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. ‘कधीही न संपणारे चक्र उदाहरणासह स्पष्ट करा’ या प्रश्नात तिने स्वतःच्या पदवीचा फ्लोचार्ट काढला. त्यात बाहेर पडायचा बाण कुठे काढावा हे तिला खरोखरच सापडले नाही. परीक्षा विभागाची चेष्टा करण्याचा हेतू नव्हता.

त्यावर ‘प्रश्नपत्रिकेत नसलेले प्रश्न सोडवणे व उद्धट मजकूर लिहिणे’ अशी नोटीस आली. चौकशीस वडिलांनाही बोलावण्यात आले. अर्जदाराने कार्यालयाच्या छापील माफीनाम्यावर सही करून दिल्यास एक वर्षाच्या बंदीनंतर तिला त्याच विषयाच्या परीक्षेस पुन्हा बसता येईल, असे समितीने सांगितले. वडील श्री. फकिरा नलावडे बाहेर व्हरांड्यात तिला म्हणाले, “लई झालं, बाई. कर सही अन् हो मोकळी. मोठ्या लोकांशी कशाला वाकडं घ्यायचं?”

“सही केली की अडकलेच ना, बाबा. परत त्याच खुर्चीत नेऊन बसवतील.”

वडिलांनी हातातली टोपी झटकून डोक्यावर घातली. मग म्हणाले, “तर मग नको करू,” आणि आत न जाता गावी परतले.

अर्जदाराने सही केली नाही. वाळूजची जागा दुसऱ्यास दिली गेली. मनस्विनी मॅडमनी समितीपुढे खरे ते सांगितले. आता त्यांच्याकडूनही खुलासा मागण्यात आला आहे व पुढील सत्राचे त्यांचे तास थांबवले आहेत, ही गोष्ट अर्जदारास स्वतःच्या नुकसानीपेक्षा अधिक लागते.

तरी नम्र विनंती की, मॅडमविरुद्धची कारवाई मागे घ्यावी. अर्जदार सूट, दया अथवा वाढीव गुण मागत नाही. तिची उत्तरपत्रिका त्या विषयाच्या कोणाही जाणकाराकडे द्यावी व तपासावी. प्रश्न सोपे घातले असे वाटल्यास गुण कापावेत. नापास झाली तरी तिची तक्रार राहणार नाही. आजवर तिला शून्य मिळाले, नोटीस मिळाली, पण तिने काय लिहिले ते कोणी वाचलेले नाही. नापास करायचे असले तरी एकदा वाचावे.

सोबत : १) कारणे दाखवा नोटिशीची प्रत. २) अंतिम वर्षाची गुणपत्रिका. ३) सही न केलेला माफीनामा, कोरा, आपल्या कार्यालयास परत.

निकालाची वाट पाहणारी,
आपली विद्यार्थिनी (आपण मानल्यास),

प्रेरणा फकिरा नलावडे
छत्रपती संभाजीनगर
दि. ५ सप्टेंबर २०२५